डोक्याला बसलेला धक्का 'हॉकी प्ले' कसा असू शकतो? (एनएचएल, हिट्स आणि निलंबनं)

मिसिसागाकर

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग. तिथला नोव्हेंबर 2024 मधला टोरोंटो–एडमंटन सामना इथल्या कॅनडाकरांपैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 16 तारीख, शनिवारची रात्र. एडमंटनचा डार्नेल नर्स पक (रबरी चकती) घेऊन स्वतःच्याच गोलमागून वळत होता आणि आमच्या लीफ्सचा (टोरोंटो मेपल लीफ्स) रायन रीव्ह्ज वेगात त्याच्या अंगावर गेला. धक्का सरळ डोक्याला. नर्स रक्ताळलेल्या चेहऱ्याने आत गेला, रीव्ह्जला मॅच पेनल्टी (उरलेल्या सामन्यातून बाहेर) आणि नंतर लीगकडून पाच सामन्यांचं निलंबन. मी लीफ्सवाला. तरी सांगतो, पाच कमीच होते.

पण धागा रीव्ह्जबद्दल नाही. तिथे नियम स्पष्ट होता, शिक्षा झाली. माझी तक्रार उरलेल्या हिट्सबद्दल आहे, ज्यांना लीग 'हॉकी प्ले', म्हणजे खेळाच्या ओघात झालेला धक्का, म्हणून सोडून देते.

7 डिसेंबर 2021, शिकागो. न्यूयॉर्क रेंजर्सचा जेकब ट्रूबा आणि ब्लॅकहॉक्सचा जुझार खैरा. (खैरा ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा पंजाबी मुलगा, त्यामुळे देशी ग्रुपांवर ती क्लिप जरा जास्तच फिरली.) पक सांभाळायला खैराने मान खाली घातली, ट्रूबाचा खांदा आला आणि खैरा बर्फावर निपचित. स्ट्रेचर, हॉस्पिटल. पेनल्टी नाही, निलंबन नाही. आणि आजच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं! मला खुपतं ते तेच.

डोक्यावरच्या हिटचा नियम 48 आला कसा ते आठवा. 7 मार्च 2010 ला पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क सव्हार्डला बाजूने येऊन खांदा मारला, थेट डोक्यात. कुकला एका सामन्याचंही निलंबन झालं नाही, कारण खांद्याने डोक्यावर मारू नये असं नियमपुस्तकात कुठे लिहिलेलंच नव्हतं. सव्हार्ड परत आला, पण जानेवारी 2011 मध्ये पुन्हा डोक्याला लागलं आणि तो कायमचा घरी बसला. 2010-11 च्या मोसमात नियम 48 पुस्तकात आला, आधी फक्त बाजूने किंवा नजरेआडून मारलेल्या हिटसाठी. पुढच्या वर्षी दिशेची अट काढली.

इथवर ठीक. पण आत अटी आहेत. डोकं हा मुख्य संपर्कबिंदू होता का, आणि तो संपर्क टाळता येण्यासारखा होता का? मारणारा अंगावरून सरळ जायचा प्रयत्न करत होता का? ज्याला लागलं त्याने ऐनवेळी शरीराची ठेवण बदलली का? म्हणजे स्ट्रेचरवर झोपलेल्या माणसाचीच आधी उलटतपासणी.

आता त्याच पुस्तकातली दुसरी पानं बघा. स्टिक समोरच्याच्या तोंडाला लागली, अगदी चुकून लागली, तरी दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये. रक्त आलं तर चार. का? तर स्वतःच्या स्टिकची जबाबदारी स्वतःची. आपल्या हद्दीतून पक चुकून थेट काचेवरून प्रेक्षकांत गेला तरी दोन मिनिटं, तिथेही हेतू कुणी विचारत नाही. मग खांद्याची जबाबदारी स्वतःची का नाही? ट्रूबाला निलंबित करा असं मी म्हणतच नाहीये. दोन मिनिटं बसवा, एवढंच. डोक्याला धक्का बसला की पेनल्टी. हेतू, वेग, मान वर होती की खाली, हे सगळं निलंबनाच्या वेळी बघा.

बोला.

मोगॅम्बो_नाखूश

लीफ्सवाला न्यायाच्या गोष्टी करतोय म्हणजे प्लेऑफमधून बाहेर पडलेले दिसतात.

ठाणेकर_अण्णा

मला हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि धनराज पिल्ले, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. मुळात या खेळात माणसाला धक्का मारायची परवानगी आहे का? असेल तर मग तक्रार कसली?

आणि क्रिकेटचं बघा. 1962 ला बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या कवटीला लागला. माणूस मरणाच्या दारातून परत आला, कसोटी कारकीर्द तिथेच संपली. 2014 ला फिल ह्यूज गेलाच. पण गोलंदाजाला कुणी शिक्षा केली नाही, कारण बाउन्सर हा खेळाचा भाग. आपण काय केलं? हेल्मेट सुधारलं, ओव्हरमागे बाउन्सर किती ते ठरवलं आणि 2019 पासून कन्कशन सब्स्टिट्यूट आणला. खेळ तोच ठेवला. तुम्ही तर गोलंदाजालाच दंड करायला निघालात.

कॅलगरीचा_पाटील

अण्णा, शंभर टक्के. आणि प्रश्न बाळबोध नाही, उलट या धाग्यात तोच विचारायला पाहिजे होता.

परवानगी आहे. ज्याच्याकडे पक आहे किंवा ज्याने नुकताच सोडलाय, त्याला खांद्याने, छातीने, कुल्ल्याने धक्का मारून पकपासून दूर करायचं, याला बॉडीचेक म्हणतात. ज्याच्याकडे पक नाही त्याला मारलं तर इंटरफिअरन्स. लांबून धावत येऊन किंवा उडी मारून मारलं तर चार्जिंग. पाठमोऱ्या माणसाला बोर्डावर आपटलं तर बोर्डिंग, नाहीतर चेकिंग फ्रॉम बिहाइंड. कोपर वापरलं तर एल्बोइंग. सगळ्याला नियम आहेत राव, जंगलराज नाही.

आता मिसिसागाकर, तुमच्या स्टिकच्या मुद्द्याला उत्तर. स्टिक हातात असते, ती खाली ठेवता येते. खांदा कुठे ठेवू? झ्देनो चारा सहा फूट नऊ इंच. मार्टिन सेंट लुई पाच फूट आठ. चारा नुसता उभा राहिला आणि सेंट लुई येऊन धडकला तरी चाराचं कोपर त्याच्या डोक्याच्या उंचीला. तुमच्या नियमाने चाराला जन्मभर पेनल्टी बॉक्समध्ये खुर्ची. आणि स्टिकलाही सूट आहे बरं का, शॉट मारताना हात पुढे जाऊन स्टिक लागली तर माफ असते. ते सोयीस्करपणे गाळलंत.

आठवड्यातून दोनदा आमचा म्हाताऱ्यांचा खेळ असतो, रात्री साडेदहाला. तिथे हिट बंदच आहेत, आणि तरीही पहिली आरोळी तीच असते, डोकं वर! रिंकवर पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. 26 मे 2000, प्लेऑफमधला सातवा सामना, स्कॉट स्टीव्हन्सने एरिक लिंड्रॉसला मधल्या पट्ट्यात उचलून ठेवलं. लिंड्रॉस मान खाली घालून पक नेत होता. भीषण हिट, पण तेव्हा पूर्ण कायदेशीर. स्टीव्हन्स 2007 ला हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि त्याच्या हिट्ससकट गेला.

मिसिसागाकर

पाटीलसाहेब, लिंड्रॉसचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. त्याच्या आधीपासून त्याला कन्कशन झालेली होती, तो नुकताच परतला होता. आज तोच हिट झाला तर नियम 48 खाली जाईल असं बहुतेक जण मानतात. म्हणजे जो हिट पंचवीस वर्षांपूर्वी 'डोकं वर ठेवायचं होतं' म्हणून वाहवा मिळवत होता, तो आज गुन्हा आहे. मग आजचा 'हॉकी प्ले' अजून दहा वर्षांनी काय असेल?

चाराबद्दल: उंच माणसाला जास्त काळजी घ्यावी लागेल, हो. उंच माणसाची स्टिकही लांब असते आणि ती समोरच्याच्या तोंडाजवळ लवकर जाते. म्हणून हाय स्टिकिंगमध्ये उंचीची सवलत देतात का?

शरयू_न्यूजर्सी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हॉकीपटू माझ्याकडे फार येत नाहीत, शाळेतली फुटबॉल आणि सॉकरची मुलं जास्त. पण डोकं ते डोकंच.

वर कुणीतरी हेल्मेटचा उल्लेख केलाय. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं. कन्कशन कवटी न फुटताही होतं. डोकं झटक्याने फिरतं, आतला मेंदू त्याच्यामागून फिरतो, आणि त्या ताणाने पेशींचं काम काही काळ विस्कटतं. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही, बहुतेक वेळा हरपत नाहीच. म्हणून तर खेळाडू उठतो, 'मी ठीक आहे' म्हणतो आणि पुढच्या शिफ्टला उतरतो.

पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉस्बीचं प्रकरण आम्ही रुग्णांना समजावताना सांगतो. 1 जानेवारी 2011, विंटर क्लासिक, डेव्हिड स्टेकलचा धक्का डोक्याला. तो हिट ठरवून होता की नकळत, यावर लोक अजून भांडतात. मला त्यात रस नाही. मुद्दा असा की क्रॉस्बी खेळत राहिला. 5 तारखेला व्हिक्टर हेडमनने बोर्डावर दाबलं आणि मग तो थेट 21 नोव्हेंबरला दिसला. आल्या आल्या चार गुण केले, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि थोड्याच सामन्यांनंतर लक्षणं परतून तो पुन्हा काही महिने बाहेर. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूची, सर्वोत्तम डॉक्टर हाताशी असताना ही कथा.

आता सामन्यावर नजर ठेवणारे स्पॉटर आहेत. 2016-17 पासून न्यूयॉर्कमध्ये पडद्यांसमोर बसून तेही बघतात आणि लक्षण दिसलं तर खेळाडूला बाहेर काढायला लावतात. कोचला विचारत नाहीत. हा मला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात चांगला बदल वाटतो, हिटच्या नियमापेक्षाही.

कॅलगरीचा_पाटील

हो, आणि डिसेंबर 2016 मध्ये त्याच स्पॉटरने एडमंटनच्या मॅकडेव्हिडला बाहेर काढलं होतं, हनुवटी बर्फावर आपटली म्हणून. गडी ठणठणीत होता, भडकला होता नुसता. आम्ही कॅलगरीवाले मात्र खूश झालो होतो.

मोगॅम्बो_नाखूश

ऑफिसात पण एक स्पॉटर पाहिजे. सोमवारी सकाळी मला बघून बाहेर काढेल.

विदर्भातला_वकील

लेख वाचला, प्रतिसादही. एक कायद्याचा कोन मांडतो.

आपल्या जुन्या दंड संहितेत कलम 87 होतं, नव्या न्याय संहितेत ते 25 आहे. त्यातलं उदाहरणच खेळाचं आहे: दोन माणसं करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायला तयार झाली, तर खेळात लबाडी न करता जी इजा होईल ती सोसायची त्यांची संमती गृहीत धरली जाते. 'लबाडी न करता' हे महत्त्वाचं. आणि संमती मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याच्या हेतूला लागू होत नाही.

कॅनडातही न्यायालयं साधारण याच वाटेने गेली आहेत. फेब्रुवारी 2000, व्हँकूव्हर. मार्टी मॅकसॉर्लीने सामन्याचे शेवटचे काही सेकंद उरलेले असताना डोनाल्ड ब्रशियरच्या कानशिलावर स्टिक हाणली. शस्त्राने हल्ला केल्याचा दोष सिद्ध झाला, पण शिक्षा काय, तर अठरा महिन्यांचा सशर्त डिस्चार्ज. लीगने जवळजवळ वर्षभर बाहेर ठेवलं, त्याची कारकीर्द त्याने संपली.

दुसरं प्रकरण बर्टुझीचं. 16 फेब्रुवारी 2004 ला कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकूव्हरचा कर्णधार मार्कस नॅसलंडला डोक्याला लागेल असा हिट दिला. पेनल्टी नाही, निलंबन नाही. व्हँकूव्हरचा संघ धुमसत राहिला. 8 मार्चला टॉड बर्टुझीने मूरला मागून ठोसा मारला आणि त्याच्यावर पडून त्याचं तोंड बर्फावर आपटलं. मानेचे तीन मणके मोडले. मूर पुन्हा कधी खेळला नाही. बर्टुझीने गुन्हा कबूल केला. सशर्त डिस्चार्ज, एक वर्षाचं प्रोबेशन, ऐंशी तास समाजसेवा. दिवाणी दावा दहा वर्षं रेंगाळून 2014 ला तडजोडीने मिटला.

हे दोन्ही बॉडीचेक नव्हते, हे लक्षात घ्या. मार्च 2011 ला माँट्रियलमध्ये चाराने मॅक्स पॅचिओरेटीला बाकांच्या मधल्या खांबावर आपटलं, मणका मोडला, कन्कशन. पोलिसांनी चौकशी केली, पण खटला भरला गेला नाही. बॉडीचेकची संमती न्यायालयाला मोडायची नसते. म्हणून खेळाडूंचं रक्षण करण्याची जबाबदारी शेवटी लीगच्याच गळ्यात येते.

मिसिसागाकर

वकीलसाहेब, मूर प्रकरणात तुम्ही जो क्रम दिलात तोच माझा दुसरा मुद्दा आहे. आधी नॅसलंडवरचा हिट. पंचांनी काही केलं नाही, लीगने काही केलं नाही. मग संघाने 'आम्ही बघून घेतो' म्हटलं.

हेच 2021 ला झालं. 3 मे, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने खाली पडलेल्या बुचनेविचला ठोसा मारला, मग हेल्मेट नसलेल्या पनारिनला बर्फावर आपटलं. विल्सन म्हणजे आधी कैक वेळा निलंबित झालेला गडी, वर्षाला 50 लाख डॉलरहून जास्त कमावणारा. लीगने किती दंड केला? 5,000 डॉलर. तेव्हाच्या कामगार कराराप्रमाणे तेवढीच कमाल मर्यादा होती. रेंजर्सने निवेदन काढलं की खेळाडू सुरक्षा विभागाचा प्रमुख या पदाला लायक नाही. त्या निवेदनाबद्दल क्लबला दंड झाला अडीच लाख डॉलर! माणसाला आपटलं तर पाच हजार, साहेबाला नावं ठेवली तर अडीच लाख.

आणि दोनच दिवसांनी तेच संघ पुन्हा समोरासमोर आले तेव्हा पक पडल्या पडल्या तीन जोड्या हातमोजे टाकून भिडल्या.

कॅलगरीचा_पाटील

तो सामना मी दोनदा पाहिला. खोटं कशाला बोलू.

आई_ब्रॅम्प्टन

मला एनएचएलचं काही पडलेलं नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, 'रेप' (रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे निवडक संघांची) हॉकी खेळतो, आणि या मोसमापासून त्याच्या गटात बॉडीचेक सुरू झाले. म्हणून धागा उघडला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हॉकी कॅनडाने 2013 मध्ये अकरा-बारा वर्षांच्या गटातून बॉडीचेक काढून टाकले. त्याआधी अल्बर्टामध्ये त्या वयात ते चालायचे आणि क्युबेकमध्ये नाही. कॅलगरीच्या संशोधकांनी दोन्हीकडची मुलं तपासली, तर अल्बर्टात कन्कशनचा धोका तिपटीहून जास्त निघाला. एकच वय, एकच खेळ, फरक फक्त नियमाचा. 'डोकं वर ठेव' दोन्हीकडे शिकवत असणारच ना?

पाटीलदादा, राग मानू नका, पण मला तुमचं हे पटत नाही. मुलगा पक शोधताना खाली बघणारच. बोर्डाजवळ पाठ करून उभा राहणारच. ऑन्टारिओत लहान मुलांच्या जर्सीवर पाठीमागे 'स्टॉप' चिन्ह शिवतात, लाल अष्टकोन, पाठ दिसली की थांब म्हणून. ते मारणाऱ्याला दिसण्यासाठी असतं. सात वर्षांच्या पोराला जे शिकवता येतं ते लाखो डॉलर घेणाऱ्याला का येऊ नये?

शरयू_न्यूजर्सी

आई_ब्रॅम्प्टन, +१. ऑन्टारिओत रोवन्स लॉ आहे ना, 2018 चा? रोवन स्ट्रिंगर, रग्बी खेळणारी सतरा वर्षांची मुलगी. काही दिवसांत लागोपाठ डोक्याला मार बसला आणि 2013 मध्ये ती गेली. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला की मेंदू सुजू शकतो. संशय आला तरी खेळ थांबवायचाच, हे आता तिथे कायद्यात आहे. मुलाला एकच सांगा, डोकं दुखलं तर लपवायचं नाही, मग सामना फायनलचा का असेना.

आई_ब्रॅम्प्टन

सही करते ना दरवर्षी, मोसमाच्या आधी. माहितीपत्रक वाचलं म्हणून. माझ्यासोबतचे निम्मे पालक न वाचताच करतात.

ठाणेकर_अण्णा

मला एक कळलं नाही. निलंबन किती सामन्यांचं ते कोण ठरवतं? पंच?

मिसिसागाकर

नाही अण्णा. पंच मैदानावरची पेनल्टी देतात. निलंबन देतो डिपार्टमेंट ऑफ प्लेयर सेफ्टी, 2011 मध्ये सुरू झालेला विभाग. पहिला प्रमुख ब्रेंडन शॅनहन. त्याने एक चांगली प्रथा पाडली, प्रत्येक निलंबनामागचं कारण व्हिडिओ करून लोकांसमोर मांडायचं. सहा किंवा जास्त सामन्यांचं निलंबन द्यायचं असेल तर खेळाडूला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी लागते. मग कमिशनरकडे अपील, आणि सहा किंवा जास्त असेल तर तटस्थ लवादाकडे. विल्सनचं 2018 चं 20 सामन्यांचं निलंबन लवादाने 14 वर आणलं.

2017 पासून प्रमुख आहे जॉर्ज पॅरोस. प्रिन्स्टनचा अर्थशास्त्राचा पदवीधर, जाड मिशा, आणि कारकीर्दभर काम एकच, मारामारी. ऑक्टोबर 2013 ला माँट्रियलकडून पहिलाच सामना खेळताना कोल्टन ऑरशी भिडला, तोल जाऊन तोंडावर बर्फात आपटला आणि स्ट्रेचरवरून बाहेर गेला. ज्याने हे स्वतः भोगलंय त्याच्या हाताने निकाल कडक येतील असं मला वाटलं होतं.

मोगॅम्बो_नाखूश

निकाल चक्र फिरवून लावतात. पाच सामने, पाच हजार डॉलर, 'पुन्हा फिरवा', आणि एक छोटा कप्पा 'काहीच नाही, हॉकी प्ले'.

कॅलगरीचा_पाटील

हसलो. पण पॅरोसच्या बाजूने बोलतो. त्याच्या हातात करार आहे, खेळाडूंच्या युनियनने सही केलेला. दंडाची मर्यादा त्याने नाही ठरवली. युनियनला दोन्ही बाजू सांभाळायच्या असतात, मार खाणाराही सदस्य आणि मारणाराही. मग ते निलंबन कमी करायलाच धावणार. तिकडे बोट दाखवा की जरा.

आणि निलंबनाने माणूस सुधारतो हे मला मान्य आहे, उगाच मला राक्षस करू नका. तुमच्या कुकचंच बघा. 2011 च्या मार्चमध्ये रायन मॅकडोनाला कोपर मारलं, तेव्हा त्याला उरलेले 10 सामने आणि प्लेऑफची पहिली फेरी बाहेर बसवलं. त्या मोसमात पेनल्टीची मिनिटं 129. पुढच्या मोसमात 82 सामने खेळून 44, आणि 19 गोल. 2014 ला परत गुडघा घातला हा भाग वेगळा, पण तीन वर्षं गडी बदलला होता. म्हणजे आहे त्या नियमात जोरात मारा की! नवा नियम कशाला? मुद्दाम करणाऱ्याला 5 ऐवजी 20 द्या. चुकून झालेल्याला सोडा.

मिसिसागाकर

पण चुकून की मुद्दाम हे ठरवायचं कशावरून? सध्या ठरतं ते बरंचसं इजेवरून. मार खाणारा उठून बाकावर गेला तर विभाग क्लिपकडे वळूनही बघत नाही. तोच हिट, तोच कोन, पण स्ट्रेचर आलं की सुनावणी. मारणाऱ्याने दोन्ही वेळा एकच गोष्ट केलेली असते.

विदर्भातला_वकील

इथे मी असहमत. इजा बघणं अन्याय नाही. साधी दुखापत आणि गंभीर दुखापत यांना फौजदारी कायदाही वेगळी शिक्षा देतो, कृत्य तेच असलं तरी. परिणामाला वजन असतंच. तुमचा खरा आक्षेप असा असायला हवा की इजा झाली नाही म्हणून *चौकशीच* होत नाही. प्रयत्नालाही शिक्षा असते, ते लीगला शिकवा.

मिसिसागाकर

हे मान्य. असंच मांडायला हवं.

शरयू_न्यूजर्सी

इजेवर निकाल लावण्यात आणखी एक अडचण आहे. ही इजा त्या रात्री दिसत नाही. काही वेळा वीस वर्षं दिसत नाही.

डेरेक बूगार्ड, मिनेसोटा आणि मग रेंजर्सचा मारामारीवाला, मे 2011 ला गेला. वय 28. दारू आणि वेदनाशामकं. बॉस्टन विद्यापीठात मेंदू तपासला तर सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार), तेही त्या वयाच्या मानाने बरंच पुढे गेलेलं. जिवंतपणी त्याचं खात्रीचं निदान करता येत नाही, मेंदू कापूनच बघावा लागतो. बॉब प्रोबर्ट, स्टीव्ह माँटाडोर, यांच्याही मेंदूत सापडलं. तरी कमिशनर बेटमन वर्षानुवर्षं हेच म्हणत आले की हॉकी आणि सीटीईचा संबंध सिद्ध झालेला नाही. 2018 मध्ये माजी खेळाडूंशी तडजोड झाली तेव्हा 318 जणांसाठी एकूण 1 कोटी 89 लाख डॉलर. एनएफएलची (अमेरिकन फुटबॉल लीग) तडजोड शंभर कोटींच्या घरातली होती.

यातले बरेचसे धक्के मारामारीतले होते आणि मारामारी कमी झालीय, हे खरं. पण मेंदूला मुठीचा हिशोब वेगळा आणि खांद्याचा वेगळा ठेवता येत नाही.

कॅलगरीचा_पाटील

शरयूताई, बूगार्डबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मला तो खेळताना आवडायचा, एवढंच सांगतो.

पण मग खरं कारणही बोला. 2004-05 च्या लॉकआउटनंतर (मालक-खेळाडूंच्या वादात मोसमच बुडाला होता) लीगने खेळ वेगवान केला. अडवणं, धरून ठेवणं बंद. दोन रेषा ओलांडणारा पास चालू. आधी डिफेन्समन तुम्हाला स्टिकने अडकवून हळू करायचा. आता फॉरवर्ड पूर्ण वेगाने मधल्या पट्ट्यातून येतो आणि समोरचाही पूर्ण वेगाने. रिंक तीच, 200 बाय 85 फूट. माणसं मोठी झाली, वेग वाढला, जागा तेवढीच. प्रेक्षकांना गोल पाहिजे होते, मिळाले. आता डोकी फुटतात म्हणून मारणाऱ्याला शिव्या.

त्यात खांद्याचे आणि कोपराचे पॅड बघा. कडक प्लास्टिकची टोपी. आमच्या रात्रीच्या खेळातसुद्धा चुकून कोपर लागलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोक विचारतात. ते मऊ करा आधी. त्याला कोणाचा विरोध असेल असं वाटत नाही.

मिसिसागाकर

वेगाबद्दल अगदी बरोबर बोललात, पण त्यातून उलटाच निष्कर्ष निघतो. वेग लीगने वाढवला, म्हणजे जबाबदारी लीगची. पॅचिओरेटीच्या अपघातानंतर पुढच्या मोसमापासून बाकांजवळच्या काचेच्या टोकाला वक्र काच आली. आइसिंगच्या (आपल्या अर्ध्यातून थेट पलीकडच्या टोकाला मारलेल्या पकमागे धावण्याच्या) शर्यतीत लोक बोर्डावर आपटून हाडं मोडून घ्यायचे, म्हणून 2013-14 ला हायब्रिड आइसिंग आलं, शर्यतीचा निकाल बोर्डाच्या आधीच लावणारं. दोन्ही वेळा कुणी म्हटलं नाही की 'खेळाडूने बघून धावायला हवं होतं'. काच बदलली, नियम बदलला, खेळ चालू राहिला. बॉडीचेकचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना परंपरा आठवते.

पॅडबद्दल हस्तांदोलन.

सायकल_टू_लेह

थोडं अवांतर. लडाखच्या मुलींनी गेल्या वर्षी, 2025 ला, आइस हॉकीच्या आशिया चषकात भारतासाठी कांस्य आणलं. महिला हॉकीत बॉडीचेक नसतात ना? मग तो खेळ कंटाळवाणा होतो का?

कॅलगरीचा_पाटील

बिलकुल नाही, महिला हॉकीत पासिंग बघण्यासारखं असतं. पण पूर्ण बंदीचे दिवस तिथेही सरले. स्वीडनच्या महिला लीगने 2022 ला बॉडीचेक सुरू केले, आणि इकडची पीडब्ल्यूएचएल (महिलांची व्यावसायिक लीग) सुरुवातीपासूनच बऱ्यापैकी अंगावर जाऊ देते. खेळाडूंनाच हवं होतं ते. मिसिसागाकर, हे पण लिहून ठेवा.

आई_ब्रॅम्प्टन

खेळाडूंना हवं असतं, हे हेल्मेटच्या वेळीही म्हणायचे. 1968 ला बिल मास्टर्टन डोकं आपटून गेला, आणि नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं झालं 1979 ला. अकरा वर्षं! जुन्यांना सूट, म्हणून शेवटचा बिनहेल्मेटचा मॅकटॅव्हिश 1997 पर्यंत तसाच खेळला. डोळ्यांवरच्या काचेचं 2013 ला तेच केलं, नव्यांना सक्ती, जुन्यांना मर्जी.

आणि आता गळ्याचा पट्टा. ऑक्टोबर 2023 मध्ये शेफील्डला ॲडम जॉन्सनच्या मानेला स्केटचं पातं लागून तो गेला, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. एनएचएलमध्ये सक्ती 2026-27 पासून, तीही फक्त नव्याने येणाऱ्यांना. माझा मुलगा लहानपणापासून पट्टा घालून खेळतो, कारण हॉकी कॅनडात मुलांना तो घालावाच लागतो. मोठा होऊन त्या लीगमध्ये गेला असता (जाणार नाहीये, त्याचं स्केटिंग मी पाहिलंय) तर आत्तापर्यंत तिथे काढून ठेवता आला असता.

मोगॅम्बो_नाखूश

पट्टा घातला की गरम होतं म्हणतात. बर्फावर.

कॅलगरीचा_पाटील

होतं हो गरम! घालून बघा एकदा. तरी मी घालतो, बायकोने जॉन्सनची बातमी वाचल्यापासून.

वहिनी, मुलाच्या गटातल्या चेकबद्दल एक कामाचं सांगतो. बोर्डाजवळ पक घ्यायला जाताना बोर्डापासून तीन-चार फुटांवर थांबून राहायचं नाही. तीच सगळ्यात धोक्याची जागा, मागून धक्का आला की डोकं आधी आपटतं. एकतर बोर्डाला अंग चिकटवायचं नाहीतर लांब राहायचं. आणि जायच्या आधी खांद्यावरून एकदा मागे बघायचं. त्याच्या कोचने शिकवलं नसेल तर विचारा.

आई_ब्रॅम्प्टन

हे नव्हतं माहीत. शनिवारी प्रॅक्टिस आहे, विचारते.